चार्जबॅक आलाय? आधी कारण वाचा

तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे पेमेंट गेटवेकडून मेल येतो: अमुक ऑर्डरवर डिस्प्यूट (गिऱ्हाइकाने बँकेकडे केलेली तक्रार) आला आहे, रक्कम तुमच्या सेटलमेंटमधून, म्हणजे खात्यात जमा होणाऱ्या विक्रीच्या पैशांतून वळती केली आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्या. असे पैसे मागे घेणं म्हणजेच चार्जबॅक. नवा विक्रेता हा मेल वाचून एक तर गिऱ्हाइकाला फोन लावून भांडतो, नाहीतर ‘बँकेपुढे आपलं काय चालणार’ म्हणत गप्प बसतो. दोन्हीकडे पैसे जातात. खरं तर माल नीट पाठवला असेल आणि त्याचे कागद हाताशी असतील, तर हे पैसे परत मिळू शकतात. फक्त उत्तर बँकेला कळेल अशा भाषेत आणि मुदतीत गेलं पाहिजे.

येवल्याची पैठणी, निफाडकडचे बेदाणे, भांडीबाजारातली तांब्याची भांडी, घरचा मसाला, जे काही तुम्ही नाशिकमधून ऑनलाइन विकत असाल आणि हा मेल पहिल्यांदाच बघत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

पैसे कुठल्या वाटेने गेले ते ओळखा

खात्यातून रक्कम कमी झाली म्हणजे चार्जबॅकच, असं नाही. पाच वेगळ्या गोष्टींमुळे असं होतं आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

कार्डाचा चार्जबॅक: गिऱ्हाईक तुमच्याकडे न येता थेट आपल्या बँकेकडे तक्रार करतं. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या नेटवर्कमार्फत गेटवेच्या बँकेकडून पैसे मागते, गेटवेची बँक गेटवेकडून आणि गेटवे तुमच्याकडून. उत्तरही याच साखळीतून उलटं वर जातं. गेटवे इथे टपालवाला आहे, न्यायाधीश नव्हे. त्याच्या कस्टमर केअरवर तासभर आवाज चढवून काही साधत नाही. तुमचे कागद त्याने नीट पुढे पोहोचवावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

यूपीआयची तक्रार: वाट बरीचशी तशीच, पण मध्ये कार्ड नेटवर्कऐवजी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा. तिच्याबद्दल खाली.

अडकलेला व्यवहार: गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले, पण तुमच्याकडे ऑर्डर पक्की झालीच नाही. दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट असं मध्येच लटकलं तर ते पाच दिवसांत आपोआप परत गेलं पाहिजे आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यात तुम्ही लढण्यासारखं काही नाही. ‘पेमेंट सक्सेस’चा स्क्रीनशॉट पाहून माल पाठवून दिला असेल, तर मात्र गिऱ्हाइकाकडे पैसे पुन्हा मागावे लागतील. म्हणून माल डॅशबोर्ड बघून पाठवायचा, स्क्रीनशॉट बघून नाही.

मार्केटप्लेसची कपात: अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर माल परत आला किंवा परत आल्याचं दाखवलं की त्यांच्या हिशोबातून रक्कम वजा होते. हा बँकेचा विषयच नाही.

आणि पाचवी, सगळ्यात डोकेदुखीची: सायबर तक्रारीमुळे बँकेने तुमच्या खात्यावर घातलेला ‘लीन’, म्हणजे रक्कम खात्यात दिसते पण काढता येत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र भाग आहे.

एक सावधगिरी इथेच. डिस्प्यूटचा मेल आल्यावर कधी कधी ‘गेटवेच्या डिस्प्यूट विभागातून’ म्हणून फोनही येतो आणि स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावतात. मेलमधल्या लिंकवरही जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः गेटवेचा पत्ता टाइप करून डॅशबोर्ड उघडा. डिस्प्यूट खरा असेल तर तिथे दिसेलच.

तारीख

डॅशबोर्डवर दिसणारी शेवटची तारीख लगेच वहीत आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये लिहा. नेटवर्कच्या नियमात उत्तराला अधिक दिवस असले तरी गेटवेला ते तपासून पुढे पाठवायचे असतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. तारीख उलटली की बाजू मांडण्याचा हक्क संपला, मग पुरावा कितीही भक्कम असो. गिऱ्हाइकाला मात्र भरपूर वेळ असतो. व्हिसाच्या नियमांत साधारण १२० दिवस, आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ते माल मिळणं अपेक्षित होतं त्या दिवसापासून मोजतात. दिवाळीला विकलेल्या साडीवर होळीच्या सुमारास डिस्प्यूट येणं त्यामुळे अजिबात विचित्र नाही.

बहुतेक डॅशबोर्डवर कागद एकदाच सादर करता येतात. घाईत अर्धेच चढवून ‘सबमिट’ दाबलं की नंतर आणखी एक फोटो जोडायची सोय नसते. सगळं जुळवून झाल्याशिवाय ते बटण दाबू नका, पण शेवटच्या रात्रीपर्यंत थांबूही नका.

कारण वाचा, आणि तेवढ्यालाच उत्तर द्या

डिस्प्यूटसोबत एक कारण आणि बहुधा एक आकडा असतो. नवखे विक्रेते नेमके तिथेच नजर फिरवून पुढे जातात. ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीला ‘आमचा माल अस्सल आहे’ हे उत्तर नाही. साडी किती सुंदर होती याची दहा पानं पाठवलीत तरी ती पोहोचली का, हा प्रश्न तसाच उरतो.

व्हिसामध्ये १०.४ म्हणजे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’. मास्टरकार्डमध्ये त्याच अर्थाचा आकडा ४८३७. आपल्याकडे देशातल्या कार्डांना ऑनलाइन खरेदीत दुसरी पडताळणी, म्हणजे बहुधा ओटीपी, सक्तीची आहे. ओटीपी देऊन व्यवहार झाला असेल तर अशा तक्रारीची जबाबदारी बहुतांशी कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. डॅशबोर्डवरची पेमेंटची तपशीलवार नोंद, ज्यात ही पडताळणी यशस्वी झाल्याचं दिसतं, ती जोडा. पण ओटीपीचा पुरावा ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीत कामाला येत नाही, हेही ध्यानात ठेवा. पैसे गिऱ्हाइकाने भरले हे तिथे कुणी नाकारतच नाही.

परदेशी कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे ओटीपीशिवाय व्यवहार होऊ शकतो. अशा वेळी तेच गिऱ्हाईक जुनं असेल तर उपयोग होतो: त्याच कार्डावर आधीचे दोन व्यवहार, १२० ते ३६५ दिवस जुने, ज्यांवर कधी तक्रार झाली नाही, आणि ज्यांचा आयपी पत्ता किंवा डिव्हाइस व आणखी एखादा तपशील, जसं की डिलिव्हरीचा पत्ता, या व्यवहाराशी जुळतो. एप्रिल २०२३ पासून व्हिसा हा पुरावा १०.४ साठी ग्राह्य धरतं. हे तपशील तुमच्या वेबसाइटच्या ऑर्डर नोंदीत असतात. नसतील तर वेबसाइट बनवणाऱ्याला आजच विचारा.

१३.१ म्हणजे माल मिळाला नाही. इथे लागतो तो डिलिव्हरीचा पुरावा: एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा पार्सल क्रमांक), तारीख, पत्ता, आणि सही किंवा डिलिव्हरीचा ओटीपी. नुसतं ‘डिलिव्हर्ड’ लिहिलेलं ट्रॅकिंग कमकुवत असतं, कारण त्यात पत्ता नसतो, फक्त शहर असतं. कुरिअरकडून पीओडीची, म्हणजे डिलिव्हरीच्या पुराव्याची प्रत मागवा. पार्सल शेजाऱ्याने किंवा सोसायटीच्या वॉचमनने घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. लपवून ठेवलं आणि समोरून निघालं तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

१३.३ म्हणजे सांगितल्यासारखा माल नव्हता, किंवा खराब निघाला. मास्टरकार्डमध्ये माल न मिळणं आणि वेगळा निघणं या दोन्ही तक्रारी ४८५३ या एकाच आकड्याखाली येतात, तिथे खालचा मजकूर वाचावाच लागतो. ही लढत सगळ्यात अवघड. ‘रंग फोटोसारखा नाही’ हे खरं की खोटं, बँकेतला माणूस साडी न बघता ठरवणार. वेबसाइटवर त्या दिवशी जे वर्णन होतं त्याचा स्क्रीनशॉट, पाठवण्याआधीचे फोटो आणि ‘माल परत पाठवा, तपासून पैसे देतो’ असं तुम्ही लेखी कळवलं होतं याचा पुरावा, या तिन्हीवर तुमची भिस्त. पैठणीत एक गोष्ट हाताशी असते. हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ मागच्या बाजूनेही जवळजवळ तसाच नीट दिसतो, लोंबते धागे नसतात. पाठवण्यापूर्वी पदराच्या उलट बाजूचा जवळून फोटो आणि सिल्क मार्क या शुद्ध रेशमाच्या खुणेच्या लेबलचा फोटो काढून ठेवलात, तर ‘मशीनची साडी दिली’ या तक्रारीला त्या दोन फोटोंनी चांगलं उत्तर मिळतं.

१३.६ म्हणजे रिफंड कबूल केला पण आला नाही. तुम्ही दिला असेल तर कार्डाच्या रिफंडचा एआरएन नंबर किंवा यूपीआयचा १२ आकडी आरआरएन नंबर (दोन्ही बँकेकडचे व्यवहार ओळखण्याचे क्रमांक) द्या, विषय तिथेच मिटतो. दिला नसेल तर भांडू नका.

लढावं की मानावं

प्रत्येक डिस्प्यूट लढण्यासारखा नसतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त हाताबाहेरच्या कारणाने झालेल्या उशिराचा. ‘नो रिटर्न, नो रिफंड’ असं इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये लिहून ठेवलेले कितीतरी जण त्या ओळीलाच पुरावा समजतात. त्या ओळीची किंमत बँकेपुढे जवळजवळ शून्य आहे. द्राक्षं कुरिअरकडे चार दिवस पडून सडली असतील, तर गिऱ्हाइकाला पैसे मिळू द्या आणि भरपाईसाठी कुरिअरच्या मागे लागा.

मानायचं ठरवलं तर डॅशबोर्डवर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करा आणि तिथेच थांबा. डिस्प्यूट चालू असताना गिऱ्हाइकाला वेगळा रिफंड किंवा जीपे करू नका. बँक तिच्या वाटेने देते, तुम्ही तुमच्या वाटेने देता, आणि एकाच साडीचे पैसे दोनदा जातात. ते परत मागणं हा आणखी एक वाद.

माझ्या मते हजार-पाचशेच्या ऑर्डरवरही पुरावा पक्का असेल तर उत्तर द्यावं. रक्कम लहान असली तरी ती तुमचीच आहे. पण खरी काळजी वेगळी आहे. तुमच्या एकूण विक्रीत डिस्प्यूटचं प्रमाण किती, यावर नेटवर्क आणि गेटवे दोघांचंही लक्ष असतं, आणि प्रमाण वाढलं की सेटलमेंट रोखून धरण्यापासून खातं बंद करण्यापर्यंत वेळ येते. उत्तर दिलं तरी तो डिस्प्यूट या प्रमाणात मोजायचा थांबत नाही, म्हणून तो येऊ नये यासाठीची कामं जास्त मोलाची.

गिऱ्हाइकाशी बोलणं

एकदा बोलून बघा, पण लिहून आणि शांतपणे. अनेक डिस्प्यूट लबाडीतून आलेले नसतात. दुकानाचं नाव एक असतं, बँकेच्या स्टेटमेंटवर मालकाच्या फर्मचं दुसरंच नाव उमटतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला ते ओळखू येत नाही आणि ‘हा व्यवहार कुणी केला?’ म्हणून बँकेला फोन जातो. मेसेज असा काहीसा असावा:

‘नमस्कार ताई, ४ तारखेच्या पैठणीच्या ऑर्डरबद्दल तुमच्या बँकेकडून आमच्याकडे तक्रार आली आहे. पार्सल ९ तारखेला मिळाल्याची नोंद आहे. साडीबद्दल काही अडचण असेल तर सांगा, आपण मार्ग काढू. स्टेटमेंटवर आमच्या फर्मचं नाव वेगळं दिसतं, त्यामुळे नजरचुकीने झालं असेल तर तेवढं बँकेला कळवाल का?’

ताई ‘अहो, चुकून झालं, मागे घेते’ म्हणाल्या तरी निर्धास्त होऊ नका. त्यांनी बँकेला लेखी कळवल्याची प्रत मागा आणि तुमचं उत्तरही मुदतीत सादर कराच, सोबत ही प्रत जोडून. मेसेजला उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा फोन करू नका. चिडून गिऱ्हाइकाचं नाव-नंबर स्टोरीवर टाकणारेही आहेत. त्याने पैसे परत आल्याचं मी पाहिलेलं नाही, उलट तुमच्याविरुद्ध तक्रार करायला समोरच्याला निमित्त मिळतं.

उत्तर कसं लिहायचं

तुमचं उत्तर वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, येवला कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्यापुढे अशा फाइलींचा ढीग आहे. पहिल्या पानावरच त्याला हवं ते मिळालं पाहिजे. उत्तर साध्या इंग्रजीत द्या, पण आधी मराठीत मसुदा करा, म्हणजे विचार सरळ राहतो. समजा १८,५०० रुपयांच्या पैठणीवर ‘माल मिळाला नाही’ असा डिस्प्यूट आहे. मसुदा असा होईल:

विषय: डिस्प्यूट क्रमांक अमुक, रक्कम १८,५०० रुपये. तक्रार: माल मिळाला नाही.
ग्राहकाने ४ नोव्हेंबरला आमच्या वेबसाइटवरून एक पैठणी मागवली. बिल व ऑर्डर: पान १.
पार्सल ६ नोव्हेंबरला नाशिकहून निघाले. कुरिअरने नोंदलेले वजन ९४० ग्रॅम. पावती: पान २.
९ नोव्हेंबरला ऑर्डरमध्ये दिलेल्याच पुण्यातील पत्त्यावर, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन पार्सल दिले. कुरिअरचा पुरावा: पान ३.
११ नोव्हेंबरला ग्राहकाने ऑर्डरमधल्याच मोबाइल नंबरवरून ‘साडी मिळाली, फॉल-पिको तुम्ही करून देता का?’ असे विचारले. संभाषण, भाषांतरासह: पान ४.
माल ग्राहकाला मिळाला आहे. डिस्प्यूट विक्रेत्याच्या बाजूने निकाली काढावा, ही विनंती.

एवढंच. विणकराने महिनाभर मागावर बसून साडी विणली, हे खरं असलं तरी इथे लिहायचं नाही. ‘आजकाल गिऱ्हाइकं फसवतात’ हेही नाही. चौथं पान बघा: तीन पानांनी पार्सल दारापर्यंत नेलं, फॉल-पिकोच्या प्रश्नाने ते गिऱ्हाइकाच्या हातात असल्याचं दाखवलं. असा एखादा साधा मेसेज बहुतेक ऑर्डरमागे सापडतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचं जुनं संभाषण कधी पुसू नका. स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसेल असा घ्या. सेव्ह केलेलं ‘पुणे वाल्या काकू’ हे नाव पुरावा ठरत नाही. मराठीतल्या मेसेजखाली इंग्रजी भाषांतर टाका.

सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने, वर पान क्रमांक टाकून. महत्त्वाच्या ओळीभोवती लाल चौकट करा. फाइल किती मोठी चालते ते डॅशबोर्डवर लिहिलेलं असतं. फोटो बारीक करताना अक्षरं वाचता येतील एवढे ठेवा. व्हिडिओ बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, त्यातले दोन-तीन क्षण फोटो म्हणून काढून लावा.

यूपीआय असेल तर

गिऱ्हाईक आपल्या अ‍ॅपमधून किंवा बँकेतून तक्रार टाकतं, त्याची बँक एनपीसीआयच्या यंत्रणेत चार्जबॅक मांडते, तुमच्या बाजूच्या बँकेकडून तो गेटवेपर्यंत येतो. कागद तेच लागतात, फक्त व्यवहाराची ओळख आरआरएन नंबरने पटवायची. एकच माणूस सतत तक्रारी टाकत राहू नये म्हणून एनपीसीआयने चार्जबॅकच्या संख्येला मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेमुळे नाकारली गेलेली तक्रार बँकेला रास्त वाटली, तर १५ जुलै २०२५ पासून बँक ती एनपीसीआयला स्वतंत्र विनंती न करताही पुन्हा मांडू शकते. म्हणजे ‘याने आधी बऱ्याच तक्रारी केल्यात, आता चालायची नाही’ या भरवशावर राहू नका.

धंद्याचे पैसे घरच्या बचत खात्याच्या यूपीआयवर घेत असाल तर आधी ते बंद करा. तिथे डॅशबोर्ड नाही, ऑर्डर नंबर नाही, आणि वाद झाला की ‘हे पैसे मालाचे होते’ हेच आधी सिद्ध करावं लागतं.

परदेशी गिऱ्हाईक आणि पेपॅल

एप्रिल २०२१ पासून पेपॅल भारतात फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी चालतं. गिऱ्हाइकाला डिस्प्यूट उघडायला १८० दिवस मिळतात. आधी तुमचं आणि त्याचं बोलणं, आणि २० दिवसांत त्याने ते ‘क्लेम’मध्ये नेलं की निर्णय पेपॅल करतं. विक्रेता संरक्षण हवं असेल तर पार्सल व्यवहाराच्या तपशिलात दिसणाऱ्या पत्त्यावरच गेलं पाहिजे. ‘माझ्या मावशीच्या पत्त्यावर पाठवा’ असं मेसेजवर सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, की संरक्षण गेलं. ७५० डॉलर आणि त्याहून मोठ्या ऑर्डरला सही घेऊन दिल्याचा पुरावा लागतो. पैठणीच्या बाबतीत हा आकडा सहज गाठला जातो. आणि हे संरक्षण माल न मिळाल्याच्या व अनधिकृत व्यवहाराच्या तक्रारीपुरतं आहे, ‘माल वेगळा निघाला’ याला नाही.

मार्केटप्लेसवर

इथे नियम त्या कंपनीचे. अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड) या नावाने भरपाई मागता येते, मुदती छोट्या असतात आणि बदलतात, म्हणून सेलर पॅनलवर त्या दिवशीच्या बघा. परत आलेलं पार्सल न कापता आधी सहा बाजूंनी चित्रित करा, लेबल जवळून दाखवा, मग त्याच सलग व्हिडिओत उघडा. व्हिडिओ मध्ये तुटला की क्लेम पडलाच समजा.

खात्यावर लीन लागला असेल तर

कुणीतरी फसवणुकीचे पैसे वापरून तुमच्याकडून माल घेतो. ज्याचे पैसे गेले तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करतो किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवतो. पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम अडवते. हा चार्जबॅक नाही, गेटवेचा इथे संबंध नाही.

शाखेत जाऊन तोंडी विचारू नका, अर्ज द्या. तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा मेल आणि नेमकी वादातली रक्कम, एवढं लेखी मागा. मग त्या अधिकाऱ्याला बिल, जीएसटी नोंदणी, पाठवणीचे कागद आणि गिऱ्हाइकाचा पत्ता-नंबर मेल करा. तुमच्याकडचा हा डिलिव्हरीचा पत्ता त्यांच्याही उपयोगाचा असतो, म्हणून उत्तर येण्याची शक्यता वाढते. पूर्ण खातं गोठवलं असेल तर वादातल्या रकमेपुरताच लीन ठेवावा, अशी विनंती बँक आणि पोलीस दोघांना करा. ठाणं परराज्यातलं असेल आणि तिकडून हालचाल नसेल, तर नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जाऊन मार्गदर्शन घ्या. तरीही अडलं तर वकील करून न्यायालयात अर्ज करता येतो.

पॅकिंगच्या टेबलावर

डिस्प्यूट जिंकण्याची बरीचशी तयारी इथे होते, तक्रार येण्याच्या कितीतरी आधी.

एक डिजिटल वजनकाटा घ्या. बंद केलेलं पार्सल काट्यावर, लेबल वर, काट्यावरचा आकडा दिसतोय असा एक फोटो. ‘रिकामा खोका आला’ या तक्रारीवर याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही, कारण कुरिअरवाले आपल्या हबवर पुन्हा वजन करतात आणि ते त्यांच्या बिलावर येतं. तुमचा ९४० ग्रॅम आणि त्यांचा ९४० ग्रॅम जुळला, की खोक्यात साडी होती हे सांगणारे तुम्ही एकटे राहत नाही.

पिकअपला येणाऱ्या मुलाकडून मॅनिफेस्टवर, म्हणजे त्याला दिलेल्या पार्सलांच्या यादीवर सही आणि वेळ घ्या. तो घाईत असतो, ‘दादा, एक मिनिट’ म्हणून थांबवायचं. महागड्या मालाला ओटीपी घेऊन डिलिव्हरी देणारी सेवाच निवडा. टपाल खात्यानेही स्पीड पोस्टला ती सोय दिली आहे. आणि माल पोहोचल्याच्या आठवड्यातच पीओडी उतरवून ऑर्डर नंबरच्या फोल्डरमध्ये टाका. कुरिअरच्या साइटवर जुनं ट्रॅकिंग कायम राहत नाही, गिऱ्हाइकाचे १२० दिवस मात्र चालूच असतात.

गेटवेला सांगून स्टेटमेंटवर दिसणारं नाव दुकानाच्या नावाशी जुळवून घ्या. ऑर्डरच्या मेलमध्येही एक ओळ टाका: ‘बँकेच्या स्टेटमेंटवर हे नाव दिसेल.’

निकालानंतर

जिंकलात तर रक्कम पुढच्या एखाद्या सेटलमेंटमध्ये परत येते. डिस्प्यूटचं शुल्क परत मिळेलच असं नाही, गेटवेच्या करारात बघा. गिऱ्हाइकाची बँक अजूनही मागे हटली नाही तर प्रकरण प्री-आर्बिट्रेशनला (बँकांमधली पुढची फेरी) आणि पुढे आर्बिट्रेशनला (नेटवर्कचा निवाडा) जाऊ शकतं. तिथे हरणाऱ्याला नेटवर्कचं मोठं शुल्क बसतं, त्यामुळे गेटवेकडून त्याचा आकडा लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. पाच-सात हजारांच्या वादासाठी तिथवर जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

तुम्ही मुदतीत कागद दिले, पण बँकेने पुढे पाठवलेच नाहीत, असं झालं असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस पोर्टलवरून तक्रार करता येते, फी लागत नाही. पण निकालच चुकला, असं म्हणून लोकपाल तो उलटवेल ही आशा धरू नका. तिथे बघतात ती बँकेच्या सेवेतली कसूर.

हरलात, तर हिशोबाचं एक काम उरतं. माल परत आला असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून त्या विक्रीवरचा जीएसटी कमी करता येतो. ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरच्या आत विवरणपत्रात दाखवावी लागते, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्याच्या आत. पैसे गेले आणि मालही गिऱ्हाइकाकडेच राहिला, तर जीएसटीच्या लेखी विक्री झालेलीच आहे आणि बुडीत रकमेवरचा कर आपोआप माफ होत नाही. अशा वेळी क्रेडिट नोट काढण्याआधी सीएला विचारा आणि डिस्प्यूटची पूर्ण फाइल त्या वर्षाच्या हिशोबासोबत ठेवून द्या.